उजेडासाठी स्थळ पाहिजे

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा डोकावणाऱ्याला वाटतं, इथे प्राणायामाचा वर्ग चालतो. काळ्या पडद्याआड चार-पाच मुलंमुली आपापल्या टेबलाशी ओणवी झालेली, चिमटीत एकेक बारीक नॉब, नजर समोरच्या मीटरवर आणि श्वास रोखलेला. एकीची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली असते. दुसरा नॉबबरोबर मानही फिरवतो. नॉब केसभर सरकतो, मान पार खांद्याला टेकते. तिसऱ्याने डोळे मिटलेले असतात, कारण तो म्हणे बोटांनी बघतो. मध्येच कुणीतरी ‘माइनस बावीस!’ असं ओरडतं आणि बाकीचे तोंडदेखलं ‘अरे वा’ म्हणून पुन्हा आपल्या नॉबकडे वळतात. या खोलीत शिंकणं हा गुन्हा आहे. खोकला आला तर बाहेर जाऊन यायचं, आणि येताना दार हळू लावायचं.

हा सगळा उपद्व्याप उजेड आत घालण्याचा आहे. उजेड! जो रविवारी पहाटे पडद्याच्या फटीतून नेमका डोळ्यांवर येतो, दार लावलं तरी खालून शिरतो, आणि ज्याला ‘या’ म्हणायची वेळ आजवर कुणावर आली नाही. त्यालाच एका ठरावीक वाटेने कृपा करून आत या म्हटलं, की त्याच्या अंगात येतं.

वाट जाड असेल तर तो कुरकुर करत नाही, हे कबूल करायला हवं. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत अॅक्रिलिकच्या पाट्या असतात, ज्यांत दिवा दिसत नाही पण ‘साडी सेंटर’ ही अक्षरं चमकतात. त्यांत कडेने एलईडीची पट्टी लावलेली असते. कडेतून आत येताना किरण वाकतो आणि सरळ रेषेपासून ४२ अंशांच्या आतच राहतो. त्यामुळे पाटीच्या सपाट बाजूवर तो आपटतो ते निदान ४८ अंशांनी. आणि तिथून सुटायला हवेत ४२च्या आत. म्हणजे कडेतून जो आला तो अडकलाच. फक्त जिथे अक्षर कोरलेलं असतं तिथे त्याला बाहेर पडायची वाट सापडते. दहावीला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून जे घोकलं, ते साड्या विकायच्या कामी येतं. मोबाइलच्या आणि टीव्हीच्या पडद्यामागेही बऱ्याचदा असाच एक तक्ता असतो.

आमची वाट मात्र बारीक आहे. काचेच्या थरावर सिलिकॉनचा एक पापुद्रा, जाडी २२० नॅनोमीटर, आणि त्यात कोरलेली वाट साधारण ४५० नॅनोमीटर रुंद. एकमेकींना खेटून मांडल्या तर डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा दीडशे वाटा बसतील. काचेचा अपवर्तनांक १.४४, सिलिकॉनचा साडेतीनच्या जवळ, त्यामुळे एकदा आत गेलेला प्रकाश चिपवर वळणं घेत, दुभंगत, पुन्हा एकत्र येत मजेत फिरतो. आणायचा असतो तो फायबरमधून, आणि फायबरमध्ये तो सुमारे १० मायक्रॉन रुंद पसरून, मांडी घालून बसलेला असतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर आठशेपटीचा फरक. फायबरचं टोक नुसतंच वाटेच्या तोंडाशी नेऊन टेकवलं तर शंभर भागांतला एक भागही आत जात नाही. भरीला सिलिकॉनचा उघडा पृष्ठभाग आलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ ३० टक्के दारातूनच परत पाठवतो. आणि हा प्रकाश १,५५० नॅनोमीटरचा, अवरक्त. तो डोळ्यांना दिसतच नाही. न दिसणारी वस्तू न दिसणाऱ्या भोकात घालायची आणि घातली गेली की नाही हे तिसऱ्याच वस्तूला, म्हणजे मीटरला, विचारायचं.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या दिवशी, प्रयोगशाळा सगळ्यांना खुली असते. शाळेतली मुलं येतात, लेझरचा ठिपका भिंतीवर नाचवून घेतात आणि जातात. त्या गर्दीत एका वर्षी माझी आत्या आली. आत्या सदाशिव पेठेत वधूवर सूचक मंडळ चालवते. तिने टेबलाभोवती एक फेरी मारली, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बघितलं आणि म्हणाली, “अगं, एवढासा उजेड आत घालायचा तर मोठी बॅटरी लाव की. एवढं काय त्याचं!”

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्याचं उत्तर निसर्गाने फार कोत्या मनाने दिलंय. उजेड जिथून निघतो त्या जागेचं क्षेत्रफळ आणि तो किती कोनात पसरतो, या दोघांचा गुणाकार भिंगाने कमी करता येत नाही. ठिपका लहान केला तर कोन फाकतो, कोन आवळला तर ठिपका फुगतो. म्हणून तर भिंगाने सूर्यप्रकाश कितीही एकवटला तरी तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या, म्हणजे सुमारे ५,८०० केल्व्हिनच्या, वर चढत नाही, आणि कितीही मोठं भिंग घेतलं तरी चांदण्यावर कापूस पेटत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या एलईडीतून उजेड जितक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी बाहेर पडतो, त्या तऱ्हा मोजल्या तर आकडा कोटीच्या वर जातो. आमच्या वाटेत एकच तऱ्हा मावते. जगातलं सर्वोत्तम भिंग आणा; कोटीतला एखादा वाटाच आत जाणार. बॅटरी मोठी केली तर बाहेरची गर्दी वाढते, आतला आकडा तोच. त्यासाठीच लेझर लागतो, कारण तो मुळातच एका तऱ्हेने वागतो.

आत्या ऐकून घेऊन म्हणाली, “समजलं. फोटो शंभर आले तरी जुळणारं एकच.”

मग मी तिला पुढचं सांगितलं. फायबरमधल्या प्रकाशाचा आकार आणि वाटेतल्या प्रकाशाचा आकार एकमेकांवर ठेवून आम्ही एक गणित करतो. उत्तर शून्य ते एकच्या दरम्यान येतं. एक आलं तर सगळा प्रकाश आत, शून्य आलं तर सगळा वाया. “छत्तीसपैकी किती ते सांग,” आत्या म्हणाली. तेव्हापासून आमच्या गटात हीच भाषा चालते, आणि खरं सांगायचं तर पाठ्यपुस्तकातल्या भाषेपेक्षा ती नव्या मुलांना लवकर कळते. तिच्या मंडळात १८ गुण जमले तर पुढे जायला हरकत नाही, असं मानतात. आमच्याकडे साध्या ग्रेटिंगमधून, म्हणजे चिपवरच्या बारीक रेघांच्या जाळीतून, तीन डेसिबलचं नुकसान झालं तर कुणी तक्रार करत नाही. तीन डेसिबल म्हणजे निम्मा प्रकाश गेला. निम्मे म्हणजे छत्तीसातले अठरा. ज्यांनी कुणी अठराला पास ठरवलं त्यांना डेसिबल माहीत नव्हता आणि ग्रेटिंगवाल्यांनी पंचांग उघडलेलं नसणार. आकडा मात्र तोच निघाला.

हे तीन डेसिबल काय चीज आहे, तेही सांगते. चांगल्या फायबरमध्ये प्रकाशाचं नुकसान किलोमीटरमागे ०.२ डेसिबल. म्हणजे पुणे स्टेशनला निघालेला प्रकाश चिंचवडच्या आसपास पोचेपर्यंत जेवढा खर्ची पडतो, तेवढा आमच्याकडे उंबरठ्यावरच जातो.

गुण मोजताना सगळ्यात मोठी भानगड नाडीची. आत्याच्या तक्त्यात एकट्या नाडीला आठ गुण. बाकी सगळं जुळून नाडी एक निघाली तर ती फाइल बंद करते. आमची नाडी म्हणजे ध्रुवण, प्रकाशाची लहर आडवी थरथरते की उभी. साधं ग्रेटिंग एकाच ध्रुवणासाठी केलेलं असतं. आकार जुळला, जागा जुळली, कोन जुळला, आणि ध्रुवण उलटं निघालं की मीटरवर शुकशुकाट. त्यात फायबर महाचंचल. कुणी जाता जाता त्याला कोपर लावलं, नुसतं वाकलं तरी ध्रुवण बदलतं. त्यावर उपाय म्हणून फायबर तीन चकत्यांवर गुंडाळतात आणि त्या चकत्या मागेपुढे कलवत बसतात. कुठली किती कलवायची याला नियम असा वापरात नाही. आकडा वाढेपर्यंत कलवायची. “म्हणजे नाडीची शांत करता,” आत्या म्हणाली. यावर आमच्या सरांनाही काही बोलता आलं नाही.

फसवा होकार हा प्रकारही दोन्हीकडे आहे. नवा विद्यार्थी फायबर हलवत असतो, मीटरवर नुसती खसखस, आणि एकाएकी आकडा उडी मारतो. मुलगा खुर्चीवरून उठतो. त्या वेळी जुन्या मुली फक्त एवढंच सांगतात, “पलीकडचं फायबर जरा बाजूला करून बघ.” तो करतो, आणि आकडा जागचा हलत नाही. प्रकाश वाटेत शिरलेलाच नसतो. तो खालच्या काचेतून, आधाराच्या थरातून, सैरावैरा पलीकडे पोचलेला असतो. होकार आलेला असतो, पण मुलीच्या मामाचा.

आता ही जुळवणी करायच्या रीती. सरळ समोरून जायची रीत सगळ्यात जुनी. १८४१च्या सुमारास जिनेव्हात कोलादाँ नावाच्या प्राध्यापकाने पाण्याच्या धारेत भिंगाने प्रकाश घातला आणि तो धारेबरोबर वळत गेला. प्रेक्षक खूश झाले, आणि पुढे ही करामत पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावरही आली. धार बोटभर जाड, त्यामुळे कोलादाँला श्वास रोखावा लागला नसावा. आमच्याकडे फायबरच्या टोकालाच घासून भिंगासारखा गोलवा देतात, म्हणजे ठिपका अडीच मायक्रॉनवर येतो. ठिपका लहान झाल्याचा आनंद फार टिकत नाही, कारण आता हात एका मायक्रॉनने चुकला की निम्मा प्रकाश गेलाच. मायक्रॉन म्हणजे हात चुकला हे कळायच्याही खालची पायरी. टेबलावर कोपर टेकवून सुस्कारा टाकला तरी मायक्रॉन होतो.

दुसरी रीत प्रिझमची, आणि मला ही सगळ्यांत आवडते. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत पी. के. टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवली. (आद्याक्षरं वाचून कुणीतरी आपल्यातलेच वाटतात, पण ते मूळचे चीनचे.) समोरचं दार लहान आहे ना, मग दारातून जायचंच नाही, छतावरून जायचं. पातळ थरावर प्रिझम ठेवायचा, मधे हवेची फट ठेवायची, आणि प्रिझमच्या तळावर प्रकाश असा पाडायचा की तो पूर्ण परावर्तित व्हावा. पूर्ण म्हणजे पुस्तकातला पूर्ण. प्रत्यक्षात प्रकाश फटीत किंचित डोकावतोच, आणि खाली थर पुरेसा जवळ असला तर तिकडे उतरतो. फट ओलांडण्याचा हा प्रकार आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी मोजला गेला होता. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी सेंटिमीटरांत मोजायच्या विद्युत लहरी घेऊन दोन प्रिझममधली फट कमी-जास्त करून पाहिली आणि १८९७ साली ते काम रॉयल सोसायटीने छापलं. बोसांच्या फटीत बोट गेलं असतं. दृश्य प्रकाशाची फट पाव मायक्रॉनच्या घरात. त्यात बोट सोडा, धुळीचा एक कण आला तरी प्रिझम टांगलेलाच राहतो.

फट ठरवतो स्क्रू. प्रिझम मागून स्क्रूने दाबायचा, फार नाही, थोडा. दाबलेल्या जागी ओला दिसावा तसा एक डाग उमटतो, आणि कोन नेमका साधला की पातळ थरात उजेडाची एक रेघ धावत निघते. ती दिसली की अनोळखी माणसाच्या पाठीवरही थाप मारावीशी वाटते. पण फट फार असली तर प्रकाश उतरत नाही, आणि फार कमी झाली तर उतरलेला प्रकाश त्याच प्रिझममधून पुन्हा वर निघून जातो. आत्याला हे सांगायचीही गरज पडली नाही. कांदेपोह्यांच्या वेळी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवायचं, पण जिन्यात एक काकू उभी ठेवायची, हे तिचं चाळीस वर्षांचं धोरण आहे. सगळं नीट जमलं तर या रीतीने शंभरातले ऐंशी भाग आत जातात. एकोणतीस गुण. आत्या म्हणाली, यावर हॉल बुक करायला हरकत नाही.

पण चिपवर प्रिझम कोण ठेवणार? म्हणून ग्रेटिंग. १९७० साली आयबीएमच्या संशोधकांनी पातळ थरावर बारीक रेघांची जाळी उमटवून प्रकाश वरून आत घातला; या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात ती युक्ती सिलिकॉनवर आली आणि सगळ्यांच्या हाती लागली. रेघांतलं अंतर ६३० नॅनोमीटरच्या आसपास. यात गंमत अशी की फायबर जाळीवर अगदी सरळ उभं धरायचं नसतं. साधारण दहा अंश कललेलं धरायचं. थेट डोक्यावरून आलात तर काही प्रकाश आल्या पावली लेझरकडे परत जातो आणि उरलेला दोन्ही दिशांना वाटला जातो. तिरकं आलात तर हव्या त्या बाजूला वळतो. मुलीकडच्यांना आत्या कधीच सरळ ‘मुलाचा पगार किती’ असं विचारू देत नाही. आधी पाणी किती दिवसांनी येतं, मग गाव कुठलं, मग पगार.

कॉर्नेल विद्यापीठातून २००३ साली आलेली रीत मात्र अक्कल गहाण ठेवायला लावते. वाट लहान म्हणून प्रकाश मावत नाही ना, मग टोकाशी ती आणखी निमुळती करा, पार १०० नॅनोमीटरपर्यंत! ऐकणाऱ्याला वाटतं, यांची झोप झालेली नाही. पण एवढ्या बारीक टोकात सिलिकॉनला प्रकाश धरून ठेवता येत नाही. तो आजूबाजूच्या काचेत फुगून मोठा होतो आणि फायबरमधल्या प्रकाशाच्या अंगाला अंग लागण्याइतका होतो. तिथे भेट झाली की वाट हळूहळू रुंद होत जाते आणि त्याला गुपचूप आवळून आत घेते. पंचवीस-तीस गुण सहज.

आमच्या पुण्यात या सगळ्या रीतींना आणखी एक अडचण आहे, ती कुठल्याच शोधनिबंधात नसते. जुलै उजाडला की नदीकाठी संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू होतो. आमचं टेबल हवेच्या उशांवर तरंगतं. खालून रस्त्यावरची बस, जिन्यातली धावपळ, काही वर पोचत नाही. ढोल मात्र हवेतून येतो, आणि उघड्या टोकाच्या फायबरला हवाच पुरते. ठेका धरला की मीटरवरचा आकडा ठेक्यात वरखाली होतो. एका विद्यार्थिनीने ते मोजून आलेखही काढला. सगळ्यांत स्थिर हात मी तिचाच पाहिलाय, पण ढोलापुढे तीही फायबर खाली ठेवते आणि चहाला जाते.

जुळलं, आकडा वर आला, आता चिकटवायचं. हा खरा मुहूर्त. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा पारदर्शक डिंक सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब सोडायचा, दिवा लावायचा आणि मीटरकडे बघत राहायचं. डिंक घट्ट होताना आकसतो. फार नाही, पण आपल्याकडे ‘फार नाही’ म्हणजे मायक्रॉन. तासाभराची जुळवणी त्या आकसण्यात इंचभर, म्हणजे मायक्रॉनभर, सरकते आणि आकडा डोळ्यांदेखत उतरतो. त्याला आता काही करता येत नाही, कारण डिंक उत्तम प्रतीचा आहे. म्हणून मुरलेली माणसं आकसून जिथे जाणार त्याच्या उलट दिशेला मुद्दाम थोडं चुकवून चिकटवतात. चिप स्वस्तात हजारांनी निघतात. एकेकीला फायबर जोडण्यातच पैसा जातो, असं या धंद्यातले लोक कपाळाला हात लावून सांगतात ते याचसाठी.

“एवढा त्रास बाहेरून आणायचा, तर उजेड चिपवरच का नाही करत?” हा आत्याचा शेवटचा प्रश्न. कारण सिलिकॉन त्या बाबतीत ठोंब्या आहे. वीज दिली की तो तापतो, उजळत नाही. त्याच्या इलेक्ट्रॉनांना प्रकाश सोडणं जवळजवळ जमतच नाही. मग २००६ साली कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या विद्यापीठाने आणि इंटेलने मिळून, उजळणाऱ्या इंडियम फॉस्फाइडचा तुकडा सिलिकॉनच्या वाटेवरच कायमचा बसवून टाकला. प्रकाश वर तयार होतो आणि खालच्या वाटेत उतरतो. ये-जा नाही, जुळवणी नाही.

“घरजावई,” आत्या म्हणाली.

अगदी. आणि घरजावयाचे सगळे गुण त्याच्यात आहेत. लेझर चालू झाला की तापतो. चिप तापली की सिलिकॉनचा अपवर्तनांक बदलतो आणि शेजारपाजारची नीट जुळवलेली मंडळी आपापल्या तरंगलांबीवरून सरकतात. मग तापमान जागेवर ठेवायला चिपखाली विजेवर चालणारी थंड पट्टी बसवावी लागते, आणि कधीकधी ती पट्टी खुद्द लेझरपेक्षा जास्त वीज खाते.

“म्हणजे जावयाला एसी लागतो म्हण की,” आत्या पर्समधून छत्री काढत म्हणाली, “आणि बिल?”

बिल सासऱ्याच्या नावावर येतं, असं मी तिला सांगितलं.